पाच बंगल्यांत एक सिनेमा

माझ्या मावशीच्या थोरल्या दिरांनी ज्याच्यावर ‘हा एक नाही, दोन आहेत’ असा संशय घेतलेला नाही, असा माणूस कामशेतपासून खंडाळ्यापर्यंत कुणीही शोधून दाखवावा. एसटीचे कंडक्टर, टपाल आणणारा, पर्यटकांना ‘या सर, टेस्ट करून बघा’ म्हणणारा आणि आमच्यासारख्या गावच्या माणसांवर खेकसणारा चिक्कीवाला, दवाखान्यातला कंपाउंडर, शाळेतले हेडमास्तर, या सगळ्यांच्या आत दुसरं कुणीतरी राहतं आणि पहिल्याला त्याचा पत्ता नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. पुढाऱ्यांच्या बाबतीत ते दोनावर थांबत नसत. आमच्या भागातल्या पंचायत समितीच्या एका माजी सदस्याचे त्यांनी माझ्यासमोर बोटांवर पाच मोजून दाखवले होते आणि त्यातला चौथा ‘तेवढा जरा बरा हाये, पन तो निवडणुकीच्या टायमाला घरी झोपतो’ अशी पुस्तीही जोडली होती. मलाही त्यांनी सोडलं नाही. ‘‘पत्रकात लिवनारी एक आन् जेवल्यावर ताट तितंच टाकून जानारी एक,’’ मावशीच्या घरी सगळ्यांसमोर ते म्हणाले, ‘‘ह्या दोघींची भेट कवा व्हनार?’’ मी तेव्हा घरकामाचं मोल या विषयावरचं पत्रक नुकतंच छापून आणलं होतं. ताट मी उचललं, पण त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही.

हा सगळा परिणाम सिनेमांचा. साधेसुधे सिनेमे नव्हेत. ज्यात नायकच खुनी निघतो आणि ते त्याचं त्यालाच माहीत नसतं. ज्यात मेलेली बहीण मेलेली नसतेच, माळ्यावर असते. ज्यात घरातली सगळी माणसं मिळून एक गोष्ट लपवत असतात आणि नवी सून ती उकरत बसते. पेपरवाले त्यांना मानसशास्त्रीय थरारपट म्हणतात. आबा त्यांना ‘डोक्याचं सिनेमं’ म्हणत. आबा हे त्यांना सगळेच म्हणतात. लग्न त्यांनी केलं नाही, पवनेकाठचं गाव तरुणपणीच सोडलं आणि लोणावळ्यात बंगले राखण्याचं काम धरलं. आता सातवी शिकलेल्या, इंग्रजीचं एक अक्षर न कळणाऱ्या माणसाला जगभरचे डोक्याचे सिनेमे मिळाले कुठून? तर ओलीतून.

लोणावळ्याला पाऊस लागला की चार महिने भिंतींना घाम फुटतो. कपाटातल्या चपलांवर हिरवी लव उगवते, उशीतून वास येतो आणि आठवडाभर बंद राहिलेला टीव्ही पुन्हा चालू होईलच याची खात्री नसते. आबांच्या ताब्यात तुंगार्लीच्या चढावरचे पाच बंगले होते. पाचही मालक मुंबई-पुण्याचे, वर्षाकाठी दोनदा येणारे, आणि पाचही जणांची आबांना एकच ताकीद होती: पावसाळ्यात टीव्ही रोज निदान अर्धा तास चालू ठेवायचा, नाहीतर आत ओल धरते. बंगला राखणाऱ्या माणसाच्या मागच्या खोलीत पावसाळ्यात काय काय धरतं, हे त्या पाचांपैकी एकानेही कधी विचारलं नाही. त्यावर माझं वेगळं पत्रक आहे, म्हणून इथे आवरते.

तर पाच बंगले, पाच टीव्ही, प्रत्येकी अर्धा तास. म्हणजे बरोबर एक सिनेमा. हा हिशेब आबांनी पहिल्याच पावसाळ्यात जुळवला. सकाळी दहाला पहिल्या बंगल्यात सिनेमा सुरू व्हायचा. तिथे खून पडला की टीव्ही बंद, खिडक्या तपासायच्या, कुलूप, छत्री, आणि आबा निघाले चढ चढत दुसऱ्या बंगल्याकडे. तिथे तोच सिनेमा, पूर्वी खिशातल्या कॅसेट-सीडीवर आणि आता इंटरनेटवर, नेमक्या त्याच जागेपासून पुढे. तिसऱ्यात संशय चुकीच्या माणसावर जायचा, चौथ्यात तो माणूसही मरायचा, आणि पाचव्यात, सगळ्यात वरच्या, जिथून धुकं नसलं तर दरी दिसते त्या बंगल्यात, उलगडा. मधल्या वाटेवर त्यांना कुणी हाक मारली तर ते थांबत नसत. ‘‘आत्ता न्हाई. चौथ्यात चाललोय,’’ एवढं म्हणून छत्री पुढे कलती करत. एकदा तिसऱ्या बंगल्याची वीज गेली ती दोन दिवस आली नाही. क्रम मोडायचा नाही असा त्यांचा नियम, त्यामुळे चौथ्यात वीज असूनही ते तिथे जाईनात. ते दोन दिवस त्या चढावरच्या प्रत्येक दूधवाल्याकडे, माळ्याकडे आणि मोलकरणीकडे त्यांनी असं रोखून पाहिलं, की एका मोलकरणीने तो रस्ताच बदलला.

या व्यवस्थेचे परिणाम मालकांना भोगावे लागले. दुसऱ्या बंगल्याचे मालक म्हणजे पाल दिसली तरी खुर्चीवर चढणारे गृहस्थ. ते दिवाळीला सहकुटुंब आले, पोरांसाठी टीव्ही लावला, तर टीव्ही आपणहून त्यांना सुचवू लागला: वेड्यांचं इस्पितळ, जुळ्या बहिणी, तळघर, नवऱ्याने गाडलेली बायको. ‘‘बाईसायब त्यांच्याकडं जी बघाया लागल्या!’’ आबा सांगत होते. ‘‘सायब शपथा घ्यायला लागलं, मी न्हाई बघत गं, मी न्हाई बघत. म्या मनात म्हनलं, सायब, कळलं का, तुमच्यात बी दोन हायत. दुसरा मीच.’’ आणि असं म्हणून ते गुडघ्यावर हात मारून इतके हसले की त्यांना ठसका लागला.

भाषेची अडचण त्यांना कधी आलीच नाही. हिंदी आवाज असला तर ठीक, नाहीतर नुसते चेहरे वाचायचे. ‘‘खोटं बोलताना समदी मानसं एकाच भाषेत बोलत्यात,’’ ते म्हणत. देशोदेशीच्या कुटुंबांबद्दल त्यांनी या चेहऱ्यांवरून काढलेले निष्कर्ष कुठल्याही विद्यापीठाने एकदा ऐकावेत असे आहेत. गोऱ्यांच्या सिनेमात दोष आईचा असतो आणि ती तळघरात असते. कोरियन सिनेमात दोष सावत्र आईचा, पण शेवटी ती बरी निघते आणि बापच बाराचा निघतो. आपल्या हिंदीत दोष कुणाचाच नसतो, पूर्वीच्या जन्माचा असतो. ‘‘आन् मराठी घरात?’’ मी एकदा चिडवायला विचारलं. ‘‘मराठी घरात दोष आसला तरी चहा करून देत्यात,’’ ते म्हणाले. ‘‘त्यामुळं सिनेमा व्हत न्हाई.’’

कुलूपबंद, रिकाम्या बंगल्यात शिरण्याआधी ते दार वाजवत. तीनदा. मग मोठ्याने म्हणत, ‘‘मी हाये. मीच हाये.’’ आणि थोडं थांबून किल्ली फिरवत. मी त्यांना म्हटलं, आबा, आत कुणी नाही, किल्ली तुमच्याकडे, दार कशाला वाजवता? त्यांचं म्हणणं असं, की आत कुणी असलंच तर त्याला आपलं रूप बदलून नीट बसायला वेळ द्यावा. डोक्याच्या सिनेमात सगळा घोटाळा होतो तो कुणीतरी न सांगता दार उघडतं म्हणून.

एका बाबतीत मात्र ते भयंकर कडक होते. शेवट सांगायचा नाही. लोहगडवाडीला एक टपरीवाला आहे, गडावर चढणाऱ्यांना भजी आणि ताक विकतो. त्याने एकदा कुठल्याशा सिनेमातली नर्सच खुनी असल्याचं आबांना आधी सांगून टाकलं. आबांनी हातातलं भजं परत ताटलीत ठेवलं आणि तिथून निघाले, ते चार महिने त्या वाटेला गेले नाहीत. घरच्या गुपितांबद्दलही त्यांचा एक सिद्धांत होता. ‘‘कुनालाच म्हाईत नसतं म्हून गुपित ऱ्हात न्हाई, पोरी. समद्यांना म्हाईत असतं म्हून ऱ्हातं.’’ मावशीच्या ओसरीवर बसून ते असं काही बोलायला लागले, एखाद्या सिनेमातल्या तोतया बहिणीची गोष्ट रंगात आली, की मावशी हमखास उठून स्वयंपाकघरात जायची. मला वाटायचं, तिला या फालतू गोष्टींचा कंटाळा येतो.

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. तळेगावात आमची छोटी संघटना आहे. बायकांच्या हक्कांवर आम्ही पत्रकं काढतो, गावोगाव बैठका घेतो. दोन वर्षांपूर्वी मी माहेरच्या जमिनीवरचं पत्रक लिहिलं. त्याचा मथळा असा होता: ‘बहिणींनो! सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का? तपासा! साडीचोळीवर हक्क सोडू नका!’ मावळात याचा अनुभव घरोघरी आहे. बाप जातो, वारसात बहिणींची नावं लागतात, आणि मग कुणीतरी पर्यटकांसाठी तंबूंचा कॅम्प टाकायला, बंगले बांधायला जमीन मागायला आलं की भाऊ बहिणीला गाडीतून कचेरीत नेतात, ती हक्कसोडपत्रावर सही करते, तिला साडी मिळते आणि आपलं माहेर टिकलं म्हणून ती खूष असते. मला या साडीचा संताप येतो. अजूनही येतो. पत्रकात मी तो सगळा ओतला होता.

आबांना ते पत्रक इतकं आवडलं की त्यांनी माझ्याकडून शंभर प्रती नेल्या आणि वाटल्या. आठवड्याच्या बाजारात वाटल्या, पवनानगरला जाणाऱ्या वडापच्या जीपमध्ये वाटल्या, पाचही बंगल्यांच्या फ्रिजवर चिकटवल्या. त्या पाल-भित्र्या मालकाच्या बायकोने ते वाचून बहिणीला फोन केला म्हणे. मी संघटनेत अभिमानाने सांगत फिरले, की बघा, एक साठीचा गावचा पुरुष कसा बदलू शकतो. त्यातलं एक पत्रक त्यांनी आपल्या बहिणीला नेऊन दिलं.

ही बहीण आंबीला दिलेली. नात्याने ती माझ्या मावशीची नणंद, पण मी लहानपणापासून तिला आत्याच म्हणते. एमआयडीसीच्या कडेला त्यांचा भात आहे, दोन म्हशी आहेत, आणि दादा हा आत्याच्या बोलण्यातला दर तिसरा शब्द आहे. दर भाऊबीजेला आबा गावी मावशीच्या घरी जात, तिथे आत्या येत, आणि ओवाळून झालं की आबा बहिणीला एक डोक्याचा सिनेमा अर्ध्यापर्यंत सांगून पुढच्या वर्षापर्यंत लटकवून ठेवत.

मे महिन्यात आत्या पत्रक हातात घेऊन आमच्या कचेरीत आल्या. ‘‘दादानं दिलं. म्हनला, पोरीकडं जाऊन नीट इचार. ह्यात माजं काय हाये?’’

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि माझंच पत्रक मोठ्याने वाचून दाखवलं. मग विचारलं, ‘‘आत्या, तुम्ही कधी कुठल्या कागदावर सही केलीय? अंगठा?’’

‘‘न्हाई बया. मी कचेरीत गेलीच न्हाई कवा. मला कोन नेनार?’’

‘‘मग झालं तर! सही नाही म्हणजे हक्क शाबूत.’’

हे वाक्य मी किती जोरात म्हटलं ते मला आठवतंय. बाजूच्या टेबलावरची मैत्रीण टाळ्या वाजवण्याच्या बेतात होती. सातबारा पाहू या, फेरफार काढू या, असं काहीही मी म्हटलं नाही. ‘तपासा!’ असं उद्गारचिन्ह लावून छापणारी मी, मला स्वतःला तपासायचं सुचलं नाही. आत्या हसल्या. ‘‘मला हिस्सा नको गं. दादा हाये ना तितं, तेवढं माहेर पुरं.’’ आणि पत्रकाची घडी कमरेला खोचून त्या घरी गेल्या.

जुलैच्या शेवटी मी नवं पत्रक करायला घेतलं. त्यात मला एक खरी गोष्ट हवी होती: सही न करणाऱ्या बहिणीची. आत्या डोळ्यासमोर होत्याच. त्यांच्या माहेरच्या जमिनीचे कागद सोबत छापू, म्हणून मी उतारे काढले. आत्यांचं नाव उताऱ्यावर नव्हतं. फेरफारात एका हक्कसोडपत्राचा उल्लेख होता, वर्षं झाली होती पंधराच्या वर. मी त्याची नक्कल मागवली. नक्कल आली. त्यात लिहून देणार म्हणून आत्यांचं पूर्ण नाव होतं, नावाखाली अंगठा होता, आणि शेजारी कचेरीतल्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो होता. फोटोत डोक्यावर पदर घेऊन, नाकासमोर बघत, माझी मावशी बसली होती.

त्या दिवशी पावसाने चढावरून पाण्याचे लोट येत होते. मी आबांना गाठलं ते तिसऱ्या बंगल्यात. पडद्यावर एक बाई बंद खोलीच्या दाराशी कान लावून उभी होती. मी नक्कल त्यांच्यासमोर टेबलावर आपटली. त्यांनी कागद उचलला नाही. लांबूनच पाहिलं आणि टीव्ही बंद केला. अर्धा तास व्हायला अजून बराच वेळ होता.

‘‘आलीस,’’ म्हणाले. ‘‘मे महिन्यातच येशील आसं वाटलं हुतं.’’

‘‘म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘मी तितंच हुतो की. कचेरीतल्या सायबानं इचारलं, ही तुमची बहीण का? मी म्हनलं, व्हय.’’

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. चोर म्हणाले, तोतया म्हणाले, फौजदारी म्हणाले. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘‘कॅम्पवाला घाई करत हुता. धाकट्याचं, तुज्या मावशीच्या नवऱ्याचं, म्हननं पडलं, ताईला सांगाया गेलं तर ती काय न्हाई म्हननार न्हाई. मग तिला कशाला आंबीवरनं हेलपाटा? धाकट्याची बायको हितंच हाये, तीच बसंल. खरंच सांगतो पोरी, ती न्हाई म्हनलीच नसती. म्हून इचारलंच न्हाई.’’

‘‘आणि हे तुम्हाला बरोबर वाटलं?’’

‘‘त्या दिशी वाटलं. घरी येऊन चहा प्यालो. दुसऱ्या दिशी न्हाई वाटलं.’’

‘‘म्हणून तुम्हाला सगळ्यांच्यात दोन दोन माणसं दिसायला लागली तर!’’

‘‘ये, तू लगेच जोडू नको,’’ ते एकदम जुन्या आबांसारखे उखडले. ‘‘सिनेमा मी त्याच्या आदीपासनं बघतोय.’’

मग ते खिडकीकडे वळले. त्यांनी खिडकीच्या चौकटीवरची ओल बोटाने पुसली. ‘‘पत्रक तिला कशापाई दिलं आसंल मी? तू लिवलं हुतंस, तपासा. माज्यानं तोंड उघडवंना. म्हनलं, तिचं तिनं तपासावं, तू कागद काढशील, कळंल तिला. तर तू सांगून टाकलंस, समदं शाबूत हाये. ती हितं येऊन मलाच सांगाया लागली, दादा, शाबूत हाये म्हनं! हसत हुती.’’

मी आवाज चढवला. म्हटलं, आता तरी जाऊन सांगा. ते म्हणाले, ‘‘दिवाळीपतूर थांब. भाऊबीजंला ती गावी येती. तवा मी सोताच सांगतो. तिच्यासमोर बसून, माज्या तोंडानं. तीन म्हैनं थांब.’’

‘‘पंधरा वर्षं थांबलात, तेवढे कमी पडले का?’’ मी म्हटलं आणि छत्री उघडून निघाले. हे वाक्य सभेत म्हटलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी मी आंबीला गेले. आत्यांच्या ओसरीवर बचत गटाच्या बायका जमल्या होत्या. मी आत्यांना बाजूला घेऊन सांगू शकले असते. पण मनात म्हटलं, लपवालपवी पुरे झाली, हे सगळ्यांसमोरच झालं पाहिजे, याने बाकीच्याही जाग्या होतील. मी नक्कल काढली आणि वाचली. बायकांनी एकच गलका केला. कुणी मावशीला शिव्या घातल्या, कुणी आबांना. मला ते बरंही वाटलं, हे कबूल करते. आत्यांनी कागद हातात घेतला, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांतून साडीचा काठ त्यांना ओळखू आला.

‘‘ही माजी साडी हाये,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी माहेरी ठिवली हुती. सनासुदीला नेसाया.’’

मग थोड्या वेळाने विचारलं, ‘‘दादा हुता तितं?’’

मी हो म्हटलं. त्यांनी कागदाची घडी घातली. बायकांना म्हणाल्या, आज मीटिंग राहू द्या.

पत्रकाच्या भाषेत सांगायचं तर पुढे आमचा विजय झाला. आबांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं, की त्या दिवशी अंगठा देणारी बाई माझी बहीण नव्हती आणि मी ते जाणून होतो. मावशीनेही शेवटी सही केली. तिचे यजमान आता नाहीत, त्यामुळे भांडायला कुणी नव्हतं. आत्यांनी पोलिसात कुणालाही न्यायचं नाही म्हणून निक्षून सांगितलं. त्यांचं नाव पुन्हा लावण्याचं काम चालू आहे आणि ते होईल. मावशीने मला एकच प्रश्न विचारला, ‘‘तू माझी भाची का पोलीस?’’ त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. संघटनेत सगळे म्हणतात, यावर पत्रक लिही, नावं गाळून लिही, फार ताकदीचं होईल. मी तीनदा बसले. प्रत्येक वेळी ‘बहिणींनो!’ एवढं लिहून उठले.

कारण मला एक गोष्ट माहीत नाही आणि आता ती कधीच कळणार नाही. आबा भाऊबीजेला खरंच सांगणार होते का? कदाचित पाटावर बसून, ओवाळून घेऊन, पुन्हा एखाद्या सिनेमाची गोष्ट सांगत बसले असते. तसं झालं असतं तर माझा संताप बरोबर ठरला असता. पण कदाचित सांगितलंही असतं. मग आत्यांनी जे ऐकलं ते भावाच्या तोंडून ऐकलं असतं. रडल्या असत्या, भांडल्या असत्या, ताट लोटून दिलं असतं, पण समोर तो असता. माझ्यामुळे त्यांना समोर मिळाला एक कागद आणि आठ-दहा ओरडणाऱ्या बायका. हक्काच्या बाबतीत मी काही चुकीचं केलं नाही. तीन महिन्यांच्या बाबतीत केलं.

त्या दिवाळीला आत्या माहेरी गेल्या नाहीत, आबाही गावी गेले नाहीत. मी मात्र दोघांकडे जाते. आबांचे पाच बंगले तसेच आहेत, टीव्हीही चालू असतात, पण क्रम राहिलेला नाही. कुठलाही सिनेमा कुठेही लागतो आणि ते त्याच्याकडे पाठ करून काचा पुसत असतात. कुणात किती माणसं आहेत हे ते आता सांगत नाहीत. मी मुद्दाम एका नव्या पुढाऱ्याचा विषय काढला, तर म्हणाले, ‘‘आसंल बिचारा एकच.’’ मी निघाले की दारापर्यंत येतात आणि दुसरीकडे बघत विचारतात, ‘‘आंबीकडं पाऊस कसा हाये?’’ मी म्हशींचं, भाताचं, आत्यांच्या गुडघ्याचं सगळं सांगते. ते म्हणतात, ‘‘मी इचारलं म्हून सांगू नको.’’ आंबीला गेले की आत्या विचारतात, ‘‘लोनावळ्यात गारठा वाढला आसंल न्हवं?’’ आणि पुढे तेच, सांगू नको म्हणून. मला गोष्टी चौकात सांगायची सवय. या दोघांच्या मधे मी तोंड मिटून जा-ये करते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आत्यांनी मला स्टीलचा डबा दिला. ‘‘करंज्या हायत. तुला केल्यात. तुला जास्त व्हत्याल तर दे कुनाला बी.’’ डबा चांगला पाच माणसांना पुरेल एवढा होता. मी लोणावळ्याला नेऊन तो आबांच्या खोलीतल्या टेबलावर ठेवला. कुणी केल्या ते त्यांनी विचारलं नाही. एक खाल्ली, सावकाश, आणि तळहातावर पडलेला सारणाचा चुरा तोंडात टाकला. दोन दिवसांनी डबा परत दिला, घासून पुसून. आमच्याकडे रिकामा डबा परत देत नाहीत. त्यात पाच सीताफळं होती, वरच्या बंगल्याच्या कुंपणालगतच्या झाडाची, टणक आणि हिरवीगार.

आत्यांनी झाकण उघडलं. एक सीताफळ हातात घेऊन अंगठ्याने दाबून पाहिलं.

‘‘कच्ची हायेत,’’ म्हणाल्या. ‘‘जरा दम न्हाई निघाला काढनाऱ्याला.’’

मला वाटलं, आता परत माझ्या पिशवीत टाकतात. पण त्या आत गेल्या, तांदळाच्या पिंपाचं झाकण काढलं, कोपरापर्यंत हात घालून एकेक सीताफळ खाली पुरलं, वरून तांदूळ सारखा केला आणि झाकण लावलं.

मी दारातून विचारलं, ‘‘किती दिवस लागतील, आत्या?’’

‘‘लागत्याल तेवढं लागत्याल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तू आपली सारखं उघडून बघू नको.’’